कडी लावलेलं घर

आखाडा बाळापुरात आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं आणि त्या घरात शिरायची एक रीत होती. येणाऱ्यानं बाहेरून हाक मारायची. मग आतल्या माणसानं सूप घेऊन दाराशी यायचं, सूप पायापाशी आडवं धरायचं, कडी काढायची आणि एक माणूस तिरपा होऊन शिरेल इतकंच दार उघडायचं. चपला आत आल्यावर काढायच्या. आम्हाला याची इतकी सवय झाली होती की शाळेत वर्गात शिरतानाही मी तिरपी होऊनच शिरायची आणि पोरी हसायच्या. पाहुण्यांना मात्र काही माहीत नसे. ते उंबऱ्यात उभं राहून खुशाली विचारू लागत आणि आई आतून ओरडे, "आधी आत या हो, मंग इचारा!" हा सगळा खटाटोप एका मांजरासाठी होता.

मांजर म्हणजे बोका. अंगानं राखाडी, छातीवर पांढरा ठिपका. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. शाळा तपासायला येणारे साहेब जसे खिडक्या-दारांवरून हात फिरवत, कोपऱ्याकोपऱ्यात डोकावत हिंडतात, तसा हा बोका रोज घर तपासायचा. सकाळी पुढचं दार, मग खिडकी, मग मोरीचं भोक, मग भिंत आणि पत्रे यांच्यामधली फट. कुठं काही ढिलं झालंय का, एवढंच त्याला पाहायचं असे. म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं सायब. कौसाआत्या मात्र त्याला नावानं कधीच हाक मारत नसे. ती त्याला लेकरू म्हणायची.

कौसाआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला सेनगावकडं, साखऱ्याला दिलेलं होतं. तिचा एकुलता मुलगा सिद्धू नुकता धावायला लागला होता. एका सकाळी आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती, पोरगं ओसरीत खेळत होतं आणि दार उघडं राहिलं. बाहेर सेनगावची जीप सवाऱ्या भरून मागं घेत होते. एवढंच मला त्या वेळी सांगण्यात आलं आणि त्याच्यापुढचं मी आजही लिहू शकत नाही. सासरच्यांनी म्हटलं, हिनंच कडी लावली नाही. उत्तममामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला मारलं. मग बाबा जाऊन तिला घेऊन आले. आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती आणि ती बोलत नव्हती. आईनं ताट वाढलं की चार घास खायची, न्हाऊ घातलं की न्हायची. घराबाहेर तिनं पाऊल टाकलं नाही. सांजेला बुद्धवंदना म्हणायला आम्ही सगळे बसायचो तेव्हा तिचे ओठही हलायचे नाहीत.

आमच्या शेजारी जुबेदाचाची राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. त्यांच्या सरपणात एक मांजर व्यालं होतं. ते ट्रकखाली गेलं आणि पिलांमधलं एकच जगलं. चाचींनी ते ओढणीत गुंडाळून आणलं, आईशी काही न बोलता सरळ आत्यापुढं जाऊन बसल्या आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "ले बेटी. इसकी माँ सडक पे गई. तू इसकू पाल." आत्यानं बराच वेळ हात लावला नाही. मग ते पिलू ओरडायला लागलं, तशी ती उठली, वाटीत दूध घेतलं, कापसाची वात केली आणि ती दुधात बुडवून त्याच्या तोंडात धरली. ते चोखू लागलं. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. थोड्या वेळानं आत्यानं मान वर केली आणि आमच्या घरात आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली, "वैनी, कडी लावा."

आईनं कडी लावली. त्यानंतर ती कडी लावलेलीच राहिली.

पिलू होतं तोवर काही वाटलं नाही. पण बोका मोठा होत गेला तशी त्याला बाहेरची ओढ लागली. दाराखालच्या फटीला नाक लावून तो तासन् तास पडून राही. बाजाराच्या दिवशी रस्त्यानं सुकटवाल्या बाया गेल्या की त्याच्या मिशा थरथरायच्या. मग तो पंजा फटीतून बाहेर घाली, कोपरापर्यंत घाली आणि बाहेरची माती नखांनी आत ओढी. बाहेर एखादं मांजर ओरडलं की हा आतून असा काही आवाज काढायचा की आई हातातलं काम थांबवून बसायची. आत्या मग त्याला उचलून छातीशी धरी. तो तिच्या हातावर ओरखडे काढी, ती सोडत नसे. "न्हाई लेकरा. भाईर काय बी न्हाई. भाईर नुसता रस्ता हाय," असं ती त्याच्या कानात सांगत राही. तिचे दोन्ही हात मनगटापासून वर ओरखड्यांनी भरलेले असायचे. त्यावर ती हळद लावायची. हळदीला आमच्याकडं काय तोटा! हंगामात गावाच्या चारी बाजूंनी हळद शिजायची आणि तो उग्र, ओला वास बंद दारातूनही घरात येऊन कपड्यांना, पिठाला, वह्यांना लागायचा.

माझी नात संभाजीनगरला चौथ्या मजल्यावर राहते आणि तिनं एक मांजर पाळलंय. पांढरं, केसाळ, नुसतं बघत राहावं असं. बाल्कनीला नायलॉनची जाळी लावलीय आणि ते मांजर दिवसभर जाळीला नाक लावून खालच्या गाड्या बघत बसतं. "आजी, हे घरातलंच मांजर आहे, याला बाहेरचं काही कळतच नाही," नात म्हणते. मागच्या खेपेला गेले तेव्हा तिथं बसून मी हे सगळं आठवायला लागले आणि लिहायचं ठरवलं.

सगळ्यात जास्त सोसलं ते आईनं. पत्र्याचं घर. चैत्र संपला की दुपारी वरून आग पडायची. दार बंद, खिडकीला जाळी, पत्र्याखालच्या फटीत बाबांनी पोत्यांचे बोळे कोंबलेले. त्यात वीज गेलेली असायची. आईच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठायच्या. ती चुलीपुढून उठायची, डोक्यावर पाण्याचा हात फिरवायची आणि परत बसायची. एकदा ती तुरीच्या सोल्यांची आमटी ढवळत होती, नाही, सोले थंडीतले, तेव्हा उन्हाळाच होता, म्हणजे साधं वरणच असणार. तर ती वरण ढवळता ढवळता उठली, डोळ्यांपुढं अंधारी आली असावी, भिंत धरत दारापर्यंत गेली आणि तिनं दार सताड उघडलं. वाऱ्याची झुळूक आत आली. मला अजून ती झुळूक अंगावर आठवते. तेवढ्यात आत्या ओरडली. माणसाचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतर दवाखान्यात नर्सची नोकरी करताना ऐकला. ती धावत येऊन दारावर आदळली, दार बंद केलं आणि पाठ लावून उभी राहिली. सायब तर आत बाजेखाली झोपलेला होता.

आई तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता भांडण होणार, कारण बाबांशी ती यावरून भांडायची. "घर माणसाचं हाय का मांजराचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. पण ती आत्याला म्हणाली, "लावा कडी, कौसाबाई. उकडलं तर उकडलं." आणि परत चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवसानंतर ती बाबांशीही त्यावरून कधी बोलली नाही.

आत्या कडी लावायची म्हणजे कशी, तेही सांगायला हवं. लावायची, मग ओढून बघायची. दोन पावलं मागं जायची, परत यायची, परत ओढून बघायची. मग मला म्हणायची, "सुजे, म्या कडी लावली ना? तू पाहिलंस ना?" मी म्हणायची, "लावली आत्या, पाहिलं मी." थोड्या वेळानं परत विचारायची. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं.

उत्तममामा आले ते बाजाराच्या दिवशी, दुपारी. हळद शिजायचे दिवस होते. बाबा बाजारात गेले होते, आई मोरीत धुणं धूत होती, आत्या ताटात तूर निवडत बसली होती. दारावर थाप पडली. "कोण हाय?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. परत थाप पडली. मी सूप घेतलं आणि कडी काढली. बाहेरच्या माणसाला आमची रीत ठाऊक नव्हती. त्यानं दार लोटलं तसं ते भिंतीवर आपटलं आणि तो उंबऱ्यात चपला काढायला वाकला. त्याच्या दोन पायांमधून एक राखाडी रेघ निघून गेली.

आत्याच्या हातातलं ताट पडलं आणि तूर घरभर झाली. ती उठून धावली ती त्या माणसाला धक्का देऊनच. कुणाला धक्का दिला हेही तिनं पाहिलं नाही. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, ज्या रस्त्याकडं तिनं इतके दिवस खिडकीतूनही पाहिलं नव्हतं त्या रस्त्यात ती शिरली. नांदेडकडून एक ट्रक येत होता. उत्तममामा तिच्या मागं धावले आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. मामा त्याच्याकडं बघतच नव्हते, ते हात पसरून तसेच उभे होते, आत्या पलीकडं पोचली तरी. "सुजे, जा तिच्यामागं, सोडू नको तिला!" आई ओल्या हातांनी दारात येऊन ओरडली आणि मी धावले.

आम्ही सारा बाजार पालथा घातला. आत्या पुढं, मी तिच्या मागं आणि मामा थोडं अंतर ठेवून आमच्या मागं. बांगड्यांच्या दुकानाखाली, बैलगाड्यांच्या सावलीत, मिरचीच्या पोत्यांमागं. आत्या दिसेल त्या बाईला विचारायची, "माय, एक बोका पाहिला का? राखी हाय. छातीवर चांदणी हाय. भाईरचं त्याला काईच ठावं न्हाई." गुरुजींची बहीण बोलत नाही असं सगळं गाव म्हणायचं. आता त्या बाया टकामका बघत होत्या. एका सुकटवालीनं हात करून दाखवलं, "आडतीच्या गोदामाकडं गेलं बघ. मही सुकट घेऊन गेलं मुडदं."

सायब गोदामाच्या पत्र्यावर बसला होता. उन्हात, चारी पाय सोडून. सुकट खाऊन झाली होती आणि तो जिभेनं छाती साफ करत होता. आत्यानं हाका मारल्या. पदर पसरला. "ये लेकरा. ये ना रं. घरी चल." त्यानं तिच्याकडं पाहिलं. ओळखलं नाही असं नव्हतं, चांगलं ओळखलं. मग उठला, पाठीची कमान करून आळस दिला आणि पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला उतरून गेला.

"म्या चढतो," मागून मामा म्हणाले.

तेव्हा आत्यानं त्यांच्याकडं पहिल्यांदा पाहिलं. ते कोण आहेत हे तिला कळायला एक क्षण लागला असावा. "नगं," ती म्हणाली. "भिऊन पळंल. रस्त्यावर जाईल."

ती गोदामाच्या पायरीवर बसली. तिच्या पायातून रक्त येत होतं. मी तिच्याजवळ बसले. मामा उभेच राहिले, टोपी हातात घेऊन. त्यांचं डोकं भादरलेलं आहे हे मला तेव्हा दिसलं.

"माय गेली," ते म्हणाले.

"कवा?"

"झाले दिवस. जीभ जड पडली व्हती. शेवटाला मला जवळ बोलावलं. म्हणली, कौसीला सांग, कडी म्या काढली व्हती. शेण टाकाया गेले, अन् लावायची राहून गेली."

बाजारातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

"मामींना ठावं व्हतं?" तिनं विचारलं. सासूला ती मामी म्हणायची.

"व्हय."

"तुमी मला मारून राहिले व्हते तवा बी?"

"व्हय. माय तिथंच बसून व्हती. मला न्हवतं ठावं, कौसे. आईची आण."

"म्हंजी म्या लावली व्हती," आत्या म्हणाली. मग माझा हात धरला आणि मलाच सांगू लागली. "सुजे, म्या लावली व्हती. मला वाटायचं लावली. पण समदेच म्हणले न्हाई लावली, मंग मला बी वाटाया लागलं न्हाई लावली. किती याद केलं, पण कडीवरला हातच याद येईना." तिनं आपला उजवा हात पुढं धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली, ओरखड्यांनी भरलेला, हळदीनं पिवळा. आणि मग ती रडली. सिद्धू गेल्यापासून ती रडली नव्हती, असं आई सांगायची. ती रडत असताना मामा खाली बसले, अंतर ठेवून, आणि तेही रडले. मी कुणाकडं बघावं ते मला कळेना, म्हणून पत्र्याकडं बघत बसले.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. मला वाटत होतं आता ती सासूला शिव्या देईल. ती म्हणाली, "एकलीनं कसं काढलं असंल म्हातारीनं? मह्यापाशी तरी वैनी व्हती."

"चल घरी," मामा म्हणाले. "मही चुकी झाली. चल."

"त्या घराला तेच दार हाय," आत्या म्हणाली. "त्याच्यातून मला जाता यायाचं न्हाई. तुमच्यावर राग न्हाई मव्हा. पण जाता यायाचं न्हाई."

घरी आलो तेव्हा आईनं तूर गोळा करून ठेवली होती. तिनं मामांना जेवायला वाढलं. भाकर, ठेचा आणि आमटी. त्यांनी अर्धी भाकर कशीबशी खाल्ली. बाबा आले, त्यांना सगळं कळलं, ते मामांच्या खांद्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. सांजेच्या गाडीनं मामा गेले. त्यांना वाटेला लावायला बाबा स्टँडपर्यंत गेले, आणि सगळे आपापल्या विचारात असताना कुणाच्या तरी लक्षात आलं की दुपारपासून दार उघडंच आहे. वारा येत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. आईनं आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "राहू द्या. त्याला यायाचं असंल तर येईल."

तो आला, पण काही दिवसांनी. कान फाटलेला, अंगावर चिखल. मोरीच्या भिंतीवर बसून त्यानं आत्याच्या हातचं दूध पिऊन घेतलं आणि गेला. त्यानंतर तो असाच येत राहिला, कधी लागोपाठ, कधी महिनामहिना गायब. आत्यानं त्याला कधी उचलून आत नेलं नाही. एका पावसाळ्यानंतर तो आलाच नाही. जुबेदाचाची म्हणाल्या की भोकरीच्या रस्त्यावर एक राखी बोका पडलेला कुणीतरी पाहिला, पण तो हाच की दुसरा, कुणाला माहीत. आत्या पाहायला गेली नाही. दोन-चार दिवस तिनं जेवण नीट केलं नाही, एवढं मला आठवतं.

तोवर ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागली होती. लेकरांना खिचडी करून घालायची. मामांनी दुसरं लग्न केलं. त्याला आत्याची राजीखुशी होती, तीच बाबांना म्हणाली होती की माणसानं एकट्यानं राहू नये. त्यांना मुलगी झाली, करुणा. साखऱ्याला पुढची शाळा नव्हती, तेव्हा मामा तिला घेऊन आमच्याकडं आले आणि बाबांसमोर मान खाली घालून म्हणाले, "गुरुजी, हिला इथं ठुलं तर चालंल का?" बाबांनी आत्याकडं पाहिलं. आत्या आत गेली आणि पोरीला बसायला पाट घेऊन आली.

मी तोवर नर्सिंगला नांदेडला गेले होते. हे सगळं मला आईकडून कळलेलं. करुणा तिला मोठी माय म्हणायची, तिच्याच अंथरुणात झोपायची. तिची शाळा रस्त्याच्या पलीकडं, लांब होती आणि बाबांनी तिला सायकल घेऊन दिली होती. आत्या तिची वेणी घालायची, डबा भरून द्यायची. 'हळू जा' असं तिनं त्या पोरीला एकदाही म्हटलं नाही, 'कडेनं जा' असंही नाही. पोरगी सायकल रस्त्याकडं काढू लागली की आत्या मागं मोरीवर जाऊन भांडी घासायला बसायची, खूप आवाज करत, राखेनं खसाखसा. घंटीचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत घासत राहायची. एका सकाळी आई काहीतरी घ्यायला मागं गेली आणि तशीच परतली. आत्या घासत होती ती सगळी भांडी आधीच घासलेली होती.